दोन विभागांमधली समई : कम्युनिटी कॉलेजातल्या कॉम्प्युटर ग्राफिक्सचं एक प्रकरण

हे प्रकरण एका विद्यार्थिनीचं आहे. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात २०२२ ते २०२५ या काळात ती कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकली. त्याच कॉलेजच्या शिकवणी केंद्रात मी गणिताची शंकासमाधानं घेते, त्यामुळे या प्रवासाचा बराच भाग माझ्या टेबलाशी घडला. तिच्या परवानगीने लिहिते आहे; नाव, कॉलेज आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

लिहायचं कारण असं. नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर इथे आलेल्या, चित्रकलेचा हात असलेल्या कितीतरी मराठी मुली मला भेटतात. 'ग्राफिक्स शिकायचंय' असं म्हणत त्या कॉलेजात येतात. कॉलेजच्या माहितीपुस्तकात ग्राफिक्स हा शब्द त्यांना सापडतो, त्या नाव घालतात, आणि वर्षभराने लक्षात येतं की आपल्याला हवं होतं त्याचं अर्धंच इथे आहे. उरलेलं अर्धं कुठे मिळतं हे त्यांना कोणी सांगत नाही. या विद्यार्थिनीने ते शोधून काढलं. तिने काय केलं, त्यातलं काय चाललं आणि काय अडलं, ते नीट नोंदवून ठेवावंसं वाटलं.

सुरुवातीची परिस्थिती

ती कोल्हापूरची. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीडिएट दोन्ही परीक्षा चांगल्या ग्रेडने पास, पुढे जी. डी. आर्ट, उपयोजित कला. पुण्यात काही वर्षं पॅकेजिंग आणि जाहिरातींचं काम. गणित दहावीनंतर सुटलेलं. लग्नानंतर २०२१मध्ये ती इथे आली. एच-४वर शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही, हे तिला सुरुवातीलाच कळलं होतं. नोकरी मात्र वर्क परमिटशिवाय करता येत नाही. २०१५च्या नियमाने हा परवाना एच-४वरच्या काही जोडीदारांना मिळतो, पण त्यासाठी साधारणपणे नवऱ्याची आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेली याचिका, मंजूर असावी लागते. त्यांची तेव्हा झालेली नव्हती.

तिने पहिलं शहाणपणाचं काम केलं ते थांबण्याचं. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे श्रेयांकाला, ४६ डॉलर पडतात, बाहेरच्याला त्याच्या कित्येक पट. तीन युनिटांचा वर्ग म्हणजे रहिवाशाला १३८ डॉलर, वर किरकोळ फिया. रहिवासी ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य लागतं, आणि एच-४वाल्यांना ते सिद्ध करता येतं. तो काळ तिने घरी ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकण्यात घालवला. ते मोफत आहे. २०२२च्या फॉल (ऑगस्ट ते डिसेंबर) सत्रात तिने थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सर्टिफिकेटला नाव घातलं.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. कम्युनिटी कॉलेजला प्रवेशपरीक्षा नसते, वयाची कमाल मर्यादा नसते. अठरा वर्षांची मुलं, नोकरी सुटलेली माणसं, निवृत्त आजोबा असे सगळे एकाच वर्गात बसतात. इथे चार वर्षांच्या पदवीची पहिली दोन वर्षं करता येतात आणि मग विद्यापीठात बदली घेता येते. पण कायद्यानेच इथे मुख्यतः पहिल्या दोन वर्षांच्या पातळीचे विषय शिकवतात. या प्रकरणाची सगळी अडचण त्यातूनच येते.

पेच

पहिलं वर्ष झकास गेलं. माया या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलिंग, टेक्श्चर, लाइटिंग. चित्रकार असल्याने वर्गात तिचं काम उठून दिसे. पण २०२३च्या वसंतात ती पहिल्यांदा माझ्याकडे आली ती एक विचित्र प्रश्न घेऊन. "ताई, हे सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवतं कसं? मी बटणं दाबते, पण आत काय होतं ते मला कोणीच सांगत नाही."

कला विभागातल्या शिक्षकांचं उत्तर होतं, ते संगणक विभागाचं काम. संगणक विभागात चौकशी केली तर तिथे प्रोग्रॅमिंग होतं, डेटा स्ट्रक्चर्स होतं, डिस्क्रीट मॅथ होतं, ग्राफिक्स नव्हतं. ग्राफिक्स प्रोग्रॅमिंग विद्यापीठांत सहसा तिसऱ्या-चौथ्या वर्षाला येतं, त्यामुळे कम्युनिटी कॉलेजच्या यादीत ते बसत नाही. म्हणजे जिथे ग्राफिक्स हे नाव होतं तिथे 'आत काय होतं' नव्हतं, आणि जिथे 'आत' जाण्याची हत्यारं होती तिथे ग्राफिक्स नव्हतं.

समुपदेशकाने सांगितलं, एक काहीतरी निवड : सर्टिफिकेट पुरं कर, नाहीतर कॉम्प्युटर सायन्सच्या बदलीच्या वाटेला लाग. दोन्हीकडे पाय ठेवलास तर युनिट वाया जातील. हा सल्ला चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. कॅलिफोर्नियातली सरकारी विद्यापीठं कम्युनिटी कॉलेजमधली जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट धरतात आणि बदलीला ६० लागतात, म्हणजे दहाएक युनिटांची मोकळीक असतेच. दोन याद्या समोरासमोर ठेवून त्या मोकळ्या जागेत काय बसवता येईल, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

आम्ही ते पाहिलं. असिस्ट या संकेतस्थळावर कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या विद्यापीठात धरला जातो ते मिळतं. त्यावरून तिने एक मोठा तक्ता काढला. सर्टिफिकेटचे झालेले वर्ग ऐच्छिक म्हणून साठांत धरले जाणार होते. राहिलेल्यांपैकी तिने फक्त लाइटिंगचा पुढचा वर्ग ठेवला, बाकी सोडले. सर्टिफिकेट अपुरं राहणार हे मान्य केलं. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सगळ्यांत धाडसाचा निर्णय. चाळिशीकडे झुकलेल्या, कमाई थांबलेल्या बाईला हातातलं प्रमाणपत्र सोडणं सोपं नसतं, आणि घरून 'ते तरी पुरं कर' असा आग्रहही होता.

गणिताचा डोंगर

ग्राफिक्सला लागतं ते मुख्यतः लिनिअर अल्जिब्रा, म्हणजे बिंदू आणि दिशा आकड्यांच्या तक्त्यांनी (मॅट्रिक्सनी) फिरवायचं-ताणायचं गणित. पण कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत त्या वर्गाला बसायला आधी कॅल्क्युलसचे दोन वर्ग लागतात, आणि कॅल्क्युलसला बसायला त्रिकोणमिती. दहावीनंतर गणित सुटलेल्या माणसाला हे चार वर्ग. मला ही अट मुळात पटत नाही. मॅट्रिक्सने बिंदू फिरवायला इंटिग्रेशन लागत नाही. पण अट आहे तर आहे, आणि बदलीसाठी कॅल्क्युलस लागणारच होतं. २०२३च्या उन्हाळ्यात तिने त्रिकोणमिती उरकली, पुढच्या दोन सत्रांत कॅल्क्युलस, बरोबरीने प्रोग्रॅमिंगचे दोन वर्ग.

तोपर्यंत मॅट्रिक्स शिकायची वाट पाहायची नाही असं आम्ही ठरवलं. इथे इंटरमीडिएटची घनभूमिती उपयोगी पडली. प्रिझम, शंकू, दंडगोल यांचे वरून आणि समोरून दिसणारे आराखडे तिने शाळेत काढलेले होते. समोरून पाहताना खोलीचा आकडा गाळायचा, वरून पाहताना उंचीचा. ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शनचा (लांबचं लहान न करता वस्तू सपाट दाखवण्याचा) मॅट्रिक्स नेमकं हेच करतो, म्हणजे एक आकडा शून्य करतो. हे तिला सांगितलं तेव्हा तिने स्वतःच पुढचं विचारलं : मग लांबचं लहान दिसायला काय करायचं? खोलीने भागायचं. तेही तिला पटकन कळलं, कारण लयबिंदूकडे, म्हणजे चित्रात समांतर रेषा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तिकडे, धावणाऱ्या रेषा तिने शेकड्यांनी काढल्या होत्या. हात ज्याला ठाऊक आहे ते डोक्याला समजावणं फार सोपं जातं. कलाशाखेतून आलेल्यांना गणित जमत नाही हा समज माझ्या अनुभवात टिकत नाही.

समई

२०२४च्या फॉल सत्रात तिने संगणक विभागातल्या एका शिक्षकांकडून स्वतंत्र अभ्यासाचं एक युनिट मंजूर करून घेतलं. त्यासाठी एक फॉर्म असतो, शिक्षकाची आणि विभागप्रमुखाची सही लागते, आणि काय करणार ते एका पानात लिहून द्यावं लागतं. ही सोय फार थोड्यांना माहीत असते. तिने लिहिलं : घरातली पितळी समई संगणकात उभी करीन, कुठल्याही तयार थ्रीडी सॉफ्टवेअरशिवाय, सगळा कोड स्वतः लिहून.

शिक्षकांनी एक महत्त्वाची सूचना केली. ओपनजीएलवर न करता वेबजीएल २ वापर. ही दोन्ही ग्राफिक्स कार्डाकडून कोडमधून चित्र काढून घेण्याची साधनं. तिच्याकडे मॅक होता, आणि अ‍ॅपलने २०१८मध्येच ओपनजीएलला निवृत्तीच्या यादीत टाकून ४.१ या आवृत्तीवर थांबवलं होतं. वेबजीएल ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही, लॅबच्या मशीनवरही तोच कोड चालतो.

समईच का? तिला माउंटन व्ह्यूचं कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम माहीत होतं. तिथे एक पांढरी चहाची किटली ठेवलेली आहे. १९७५मध्ये युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल या संशोधकाने घरातली ही किटली आलेखाच्या कागदावर काढली आणि तिचे वक्र संगणकात घातले. पुढची कित्येक वर्षं जगभरातल्या लोकांनी आपापल्या ग्राफिक्सची परीक्षा त्याच किटलीवर घेतली. खरी किटली उंच आहे, संगणकातली बसकी. युटातल्याच जिम ब्लिनने एका प्रात्यक्षिकात ती उभ्या दिशेने दाबली आणि सगळ्यांना ती तशीच आवडली, असं सांगतात. या दाबण्या-ताणण्याचा संबंध पुढे येणार आहे.

किटलीच्या जागी तिने आपल्या घरातली समई घेतली. समई ही दांडीभोवती फिरलेली एक रेषा आहे. तिने दोऱ्याने जागोजागी घेर मोजले, घेराला दोन पायने भागून त्रिज्या काढली, आणि बैठकीपासून शेंड्यापर्यंतचा अर्धा आराखडा आलेखाच्या कागदावर उतरवला. मग प्रत्येक बिंदू आसाभोवती फिरवायचा : एक्स म्हणजे त्रिज्या गुणिले कोसाइन, झेड म्हणजे त्रिज्या गुणिले साइन, वाय (उंची) तसाच. वातींच्या चोचींचं तबक गोल नसल्याने ते वेगळं करावं लागलं. प्रकाशासाठी प्रत्येक बिंदूला पृष्ठभागाचा लंब, म्हणजे नॉर्मल, लागतो. तोही आराखड्यातूनच निघतो. रेषा वर जाताना तिचा उतार घ्यायचा आणि काटकोनात बाहेर वळवायचा.

सगळं जुळलं. पितळेची चमक ब्लिनच्याच १९७७च्या पद्धतीने आली. मग तिला दांडा उंच हवा झाला, म्हणून तिने कोडमध्ये फक्त वायच्या दिशेने दुप्पट ताण दिला. दांड्यावरचे गोल मणी लांबट झाले, तसे ते होणारच होते. पण ती पडद्याकडे पाहत म्हणाली, "मणी लांबट आहेत, पण उजेड चपट्या मण्यावर पडल्यासारखा दिसतोय."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे, कारण ते गणिताच्या दृष्टीने शब्दशः खरं आहे. कोडमध्ये ती बिंदूंना ज्या मॅट्रिक्सने ताणत होती त्यानेच नॉर्मलही ताणत होती. कागदावर आम्ही असं पाहिलं. पृष्ठभागाची दिशा (१, −१) आणि नॉर्मल (१, १). दोघांचा डॉट गुणाकार, म्हणजे जोडीजोडीने गुणून केलेली बेरीज, १ वजा १, म्हणजे शून्य; ती शून्य आली की काटकोन. काटकोन बरोबर. आता वाय दुप्पट करा. पृष्ठभाग होतो (१, −२). नॉर्मलही तसाच ताणला तर (१, २). गुणाकार १ वजा ४, म्हणजे उणे ३. काटकोन मोडला. नॉर्मल (१, ½) घेतला तर १ वजा १, पुन्हा शून्य. म्हणजे पृष्ठभाग ज्या दिशेने ताणतो, नॉर्मल त्या दिशेने आखडायला हवा. तिने उलटं केल्यामुळे नॉर्मल खरोखरच एका चपट्या मण्याचे झाले होते, आणि प्रकाश त्यांच्यावरच हिशोब करत होता. तिच्या डोळ्याने आधी ओळखलं, सूत्र मागून आलं.

सूत्र असं : मॉडेलच्या मॅट्रिक्सचा वरचा तीन बाय तीनचा भाग घ्यायचा, त्याचा इन्व्हर्स (उलट काम करणारा मॅट्रिक्स) काढायचा, त्याचा ट्रान्सपोज (ओळींचे रकाने) करायचा, आणि त्याने नॉर्मलला गुणून त्याची लांबी पुन्हा १ करायची. वेबजीएल २च्या शेडरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, हे एका ओळीचं काम आहे. नुसतं फिरवलं किंवा सगळीकडून सारखं वाढवलं तर ही चूक दिसतच नाही, म्हणून ती अनेकांच्या कोडमध्ये महिनोन्महिने लपून राहते.

आणि मग तिला दुसरी गोष्ट आठवली. कला विभागाच्या लॅबमध्ये एक नियम घोकून घेतला जाई : मॉडेल बाहेर काढण्याआधी मायामध्ये फ्रीझ ट्रान्सफॉर्मेशन्स करा, ब्लेंडरमध्ये स्केल अप्लाय करा. का, ते कोणी सांगत नसे. ब्लेंडरमध्ये असमान ताणलेल्या ठोकळ्याला स्केल अप्लाय न करता बेव्हल दिला, म्हणजे कडा तिरप्या छाटल्या, की कड एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला चिंचोळी येते, हे तिने घरी अनुभवलं होतं. आता कळलं की वस्तूचा आकार आणि तिच्यावर चढवलेला ताण या दोन गोष्टी सॉफ्टवेअर वेगळ्या ठेवतं, आणि तो नियम म्हणजे ताण आकारात मुरवून टाकणं. एका विभागात नियम होता, दुसऱ्यात कारण. दोन इमारतींमधलं अंतर चालत पाच मिनिटांचं आहे.

उलट दिशेनेही असंच एकदा घडलं. नॉर्मल दुरुस्त झाल्यावर शिक्षकांनी काम पाहिलं आणि बरोबर म्हटलं. तिला पटेना. सावलीच्या बाजूचे मधले रंग फार काळे, मळकट वाटत होते. जलरंगात काम केलेल्या माणसाला उजेडाकडून सावलीकडे जाणारी पायरी कशी असते ते नेमकं माहीत असतं. कारण निघालं ते असं : शेडर प्रकाशाचा सरळ हिशोब करतो, पण पडदा आकडे सरळ दाखवत नाही. निम्मा प्रकाश दाखवायचा तर २५५पैकी १२८ हा आकडा देऊन चालत नाही, सुमारे १८८ द्यावा लागतो. शेवटी ते रूपांतर घातल्याबरोबर पितळ पितळासारखं दिसू लागलं. कोड चालत होता, त्रुटीचा संदेश नव्हता, शिक्षकांची पसंती होती. चूक फक्त चित्रकाराच्या डोळ्याला दिसली.

जे जमलं नाही

एका छोट्या स्टुडिओने तिला बिनपगारी इंटर्नशिप देऊ केली होती. वर्क परमिट नसताना बिनपगारी कामही धोक्याचं ठरू शकतं, म्हणून वकिलाला विचारून तिने नाही म्हटलं. शिकवणी केंद्रातली पगारी नोकरीही त्याच कारणाने गेली. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कामाची परवानगी मिळू शकते, एच-४वर ती वाट नाही. तिच्या वर्गातल्या इतरांचे बायोडेटा भरत गेले, तिचा रिकामा राहिला. ही उणीव कुठल्याही समईने भरून निघत नाही, आणि या वाटेने येणाऱ्यांनी ती आधीच हिशोबात धरावी.

सर्टिफिकेट सोडल्याची रुखरुख तिला बराच काळ होती. २०२५च्या फेब्रुवारीत चित्रपटांचे इफेक्ट्स करणारी टेक्निकलर ही कंपनी कोसळली, तिच्या एमपीसी आणि द मिल या स्टुडिओंची अमेरिकेतली दारं बंद झाली, मुंबई-बेंगळुरूतल्या कामगारांनाही झळ लागली. तेव्हा घरातला 'ते तरी पुरं कर'चा विषय आपोआप थांबला. पण तिचा निर्णय त्यामुळे बरोबर ठरला असं मी म्हणणार नाही. अशी बातमी प्रोग्रॅमिंगच्या बाजूनेही येऊ शकते. निर्णय बरोबर होता तो तिला काय समजून घ्यायचं होतं त्याच्या संदर्भात.

सध्याची स्थिती

२०२५च्या फॉलमध्ये यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, एका कॅम्पसला कॉम्प्युटर सायन्समध्ये तिची बदली झाली. स्वतंत्र अभ्यासाचं ते एक युनिट मात्र अधांतरी आहे. यूसीमध्ये अशा युनिटांचं श्रेय बदली झाल्यावर, अभ्यासाची रूपरेषा पाहूनच ठरवतात. तिने मंजुरीचं ते एक पान, कोड आणि समईची चित्रं जोडून अर्ज दिला आहे, उत्तर आलेलं नाही. इकडे आमच्या कॉलेजात दोन्ही विभागांनी मिळून एक वर्ग चालवावा असा प्रस्ताव मी आणि त्या शिक्षकांनी मांडला आहे. नवा विषय मंजूर व्हायला अनेक समित्या लागतात, तोपर्यंत स्वतंत्र अभ्यासाचा कोरा फॉर्म मी शिकवणी केंद्राच्या टेबलावर ठेवते आणि ग्राफिक्स शिकायला आलेल्या प्रत्येकाला दाखवते.

तिच्या नव्या विद्यापीठातल्या ग्राफिक्सच्या वर्गाला त्या अडकलेल्या युनिटची गरज लागली नाही. पूर्वअट लिनिअर अल्जिब्रा आणि डेटा स्ट्रक्चर्स एवढीच होती, आणि दोन्ही तिच्या गुणपत्रिकेवर होते.